बासष्ट किलोचा माणूस

१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आज सहावा दिवस.

हे वाक्य माझ्या अक्षरात तू याआधी तीनदा वाचलं आहेस आणि तिन्ही वेळा ते खोटं होतं. तिन्ही वेळा मी खाली ‘वजन अजून बासष्टच, प्रकृती उत्तम’ असंही लिहिलं होतं. त्यातलं वजन तेवढं खरं. तेव्हा पत्र इथेच फाडायचं असेल तर फाड, माझी तक्रार नाही. चार वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, त्याचीही नाही. फक्त फाडण्याआधी एक गंमत वाच.

मी दुकानात बसलो आहे. समोर एका औषध कारखान्यातून दुरुस्तीला आलेला काटा आहे, काचेच्या पेटीतला, ग्रॅमचा हजारावा भागही सांगणारा. पेटीचं दार उघडं राहिलं तर माझ्या श्वासानेही तो हलतो. लिहायला घेतलेले हे दोन कागद मी आधी त्याच्यावर ठेवून पाहिले. कोरे असताना नऊ ग्रॅम नऊशे चौसष्ट मिलीग्रॅम. लिहून झाल्यावर पुन्हा ठेवणार आहे. बावीस वर्षं मी वस्तादांच्या या दुकानात वजनकाटे दुरुस्त करतो आहे, पण लिहिलेल्याला वजन असतं का हे बघायचं कधी सुचलं नाही. जरा रिकामा वेळ मिळाला की मी मागच्या दाराने ओढायला बाहेर जात होतो. आता ते दार बंद आहे आणि रिकामा वेळ इतका आहे की तो कुठे ठेवायचा कळत नाही.

तलफेबद्दल तुला एक सांगायचं आहे. मला वाटायचं, ती एकदा आली की घेतल्याशिवाय हलतच नाही. परवा दुपारी आली तेव्हा बारीक स्क्रू धरवेना, म्हणून मी घड्याळ घेऊन नुसता बसून राहिलो. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मग ती उठून गेली. ताई, मी त्या घड्याळाकडे बघतच राहिलो. अठ्ठावीस वर्षं जिच्यापुढे हात जोडून उभा होतो, तिला चार मिनिटंही दम धरवत नाही. दिवसातून वीस वेळा येते, पण प्रत्येक वेळी एवढीच.

आज सकाळी उशीला साबणाचा वास आला. मी हिला विचारलं, “साबण बदललास का?”

ही म्हणाली, “लग्न झाल्यापासून हाच आहे.”

एकवीस वर्षं, ताई. रोज रात्री त्याच उशीवर डोकं ठेवत होतो.

मला भेटायला बोलाव असं मी म्हणत नाही. या वेळी खरं आहे, एवढं तू मानावंस. तेवढंच हवं आहे.

तुझा,
बासष्ट

ता. क. अठरा मिलीग्रॅम. तीन-चार मुंग्यांएवढं. आणि आत्ताच लक्षात आलं, सगळं खोटं लिहिलं असतं तरी शाई एवढीच भरली असती. काट्याला त्यातलं काही कळत नाही.


३ मार्च

प्रिय ताई,

विसावा दिवस. भूक लागली आहे.

पत्राला सुरुवात करण्याआधी मी दोन केळी, एक उकडलेलं अंडं आणि अर्धा पाव खाल्ला आहे. तरी लागली आहे. ही भूक पोटातली नाही, ती हातात असते. हात सारखा काहीतरी उचलून तोंडाकडे नेतो. पहिल्या आठवड्यात पेन्सिली चावल्या, मग हिने गाजरं चिरून द्यायला सुरुवात केली. गाजर इतकं गोड असतं हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? पहिला तुकडा खाल्ला तेव्हा वाटलं, हिने साखर लावली आहे. काल साधं पाणी प्यालो तर त्यालाही चव होती, माठाच्या मातीची. मी पेला हातात धरून उभाच राहिलो. ही म्हणाली, “काय पडलंय त्यात?”

गाजरावर भागलं असतं तर बरं होतं. पण कोपऱ्यावरच्या बेकरीचा वास आता मला दुकानात बसून येतो. सकाळी अकराला बिस्किटांचा, चारला पावाचा. वासावरून मी वेळ सांगू शकतो. काल घरी गेल्यावर हिने विचारलं, “अहो, दुपारी डबा पुरला का?”

“पुरला.”

“आणि रिकामा डबा कुठे आहे?”

“दुकानात राहिला.”

“मग ठीक आहे. तोही खाल्लात की काय अशी शंका आली होती.”

एक विचित्र गोष्ट घडते आहे, ती सांगतो. आधी ‘बासष्ट’ हे नाव कसं पडलं त्याची आठवण करून देतो, कारण तुझ्यासाठी मी अजून काडीच असेन. वस्तादांचा नियम असा की माणसं तोलायचा कुठलाही काटा दुकानाबाहेर पडण्याआधी त्याच्यावर वीस-वीस किलोची पाच लोखंडी वजनं एकेक करून चढवायची. ती त्याची परीक्षा. आणि सगळ्यात शेवटी, निव्वळ साक्षीला, मी वर उभा राहायचं. काटा बासष्ट म्हणाला की वस्ताद म्हणायचे, “जाऊ दे.” बावीस वर्षांत माझं वजन पुढे-मागे झालं नाही. लग्नात नाही, आजारपणात नाही, आईच्या वेळीही नाही. गिऱ्हाइकांना माझं खरं नाव माहीतच नाही.

आता खरं सांगायचं तर, गेली काही वर्षं मी लोखंड काढतच नाही. दुसरं वजन उचललं की खोकला यायचा, तिसऱ्याला खाली बसावं लागायचं. बासष्ट किलोचा माणूस हजर असताना लोखंड कशाला, असं म्हणून मी थेट वर उभा राहायला लागलो. वस्तादांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, त्यांच्या लक्षात आलं नाही. सध्या ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आहेत, दुकान माझ्यावर आहे.

तर विचित्र गोष्ट ही. या पंधरवड्यात दुरुस्तीला आलेल्या सगळ्या काट्यांना एकच दुखणं आहे. सगळे जास्त दाखवतात. कुणी दीड किलो, कुणी दोन. उन्हाळा लवकर लागलाय, स्प्रिंगा सैल पडल्या असतील. मी आतला स्क्रू फिरवतो, वर उभा राहतो, बासष्ट आलं की पाठवून देतो. वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळ्या वयाची यंत्रं एकाच महिन्यात एकाच बाजूला झुकावीत, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पँट आटली आहे. हिला म्हटलं, आता मात्र साबण बदल.

तुझा,
बासष्ट

ता. क. एकवीस मिलीग्रॅम. मागच्यापेक्षा तीन जास्त. हवा दमट असली तर कागद हवेतलं पाणी पितो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे धर.


२० मार्च

प्रिय ताई,

सदतिसावा दिवस, आणि आज तुझा काटा आला.

वैद्यकीय सामानाच्या दुकानदाराने चार नग पाठवले, त्यात एक उभा काटा पांढऱ्या रंगाचा, मानेला चिठ्ठी बांधलेली. वर तुमच्या प्रसूतिगृहाचा शिक्का. खाली दोनच शब्द. ‘अडकतो. बघणे.’ तुझा ‘ण’ मी कुठेही ओळखेन. चार वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा बघितलं. चिठ्ठी माझ्यासाठी नव्हती, हे मला समजतं. काट्यासाठी होती. तरी ती काढून खिशात ठेवली.

तो पूर्ण उघडला. आत कापसाचे धागे, सुकलेली पावडर आणि एक चिमुकला पायमोजा होता, तो तरफेत अडकला होता. सोबत पाठवतो आहे, कुणाचा ते तुला माहीत असेल तर दे. सगळं पुसलं, तेल दिलं, तबकडीची काच घासली. बायका काट्यावर चढताना कशाला तरी धरतात, म्हणून दांडीला नवं रबर चढवलं. दिवसभर दुसरं काही केलं नाही. मधे दोनदा तलफ आली, तुझ्या काट्याशेजारीच बसून दोन्ही घालवल्या.

मग वर उभा राहिलो. तोही बराच जास्त दाखवत होता, या महिन्यातल्या सगळ्यांसारखाच. नीट केला. उभं राहिल्यावर काटा बासष्टवर येऊन थांबतो तेव्हा अगदी थांबत नाही, बारीक थरथरत राहतो. बावीस वर्षं मी ती थरथर म्हणजे यंत्रातला दोष समजून शिव्या देत आलो. आज श्वास रोखून बघत होतो तर लक्षात आलं, ती लयीत आहे. मनगटावर बोट ठेवलं. ताई, ती माझी नाडी होती. रक्त वर उसळतं तेव्हा माणूस कणभर जड होतो आणि लगेच हलका. प्रत्येक ठोक्याला. तुमच्याकडे पोटुशी बाई उभी राहील तेव्हा नीट बघ.

दहा गावांत यापेक्षा खरा काटा सापडायचा नाही. याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव.

तुझा,
बासष्ट


११ एप्रिल

प्रिय ताई,

एकोणसाठावा दिवस. आज जे झालं ते हसण्यासारखं आहे, तू हसावंस.

सकाळी व्यायामशाळेचा मास्तर काटा खांद्यावर घेऊन आला. गेल्या महिन्यात मीच दुरुस्त करून दिला होता. टेबलावर ठेवून म्हणाला, “बासष्ट, काय केलंस याला?”

“का? तक्रार आली का कुणाची?”

“तक्रार कशी येईल? माझ्याकडे पन्नास माणसं येतात. काटा आला त्या दिवशी सगळी एकदम बारीक झाली. एक बाई केक वाटून गेली.”

“मग तुमचं दुखणं काय?”

“मीही बारीक झालोय. आणि मी पाय मुरगळून दोन आठवडे अंथरुणावर होतो. घरच्यांनी नुसतं चारलं मला.”

वस्ताद कालच लेकीकडून परतले होते. आतून आले, नवा चष्मा, डोळे लख्ख. काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडेच. म्हणाले, “डोळ्यांवरचा पडदा गेला आणि पहिलं काय दिसावं, तर तुझं पोट.”

मी म्हटलं, “पँट आटलीये, वस्ताद.”

“पोटावर आटली का? लोखंड काढ.”

काढलं. एक, दोन, तीन, चार, पाच. शंभर किलोला काटा चौऱ्याण्णव म्हणाला. दुकानाच्या दारामागे त्यांच्या वडिलांच्या वेळचा दांडीचा काटा आहे, त्याच्याकडे वस्तादांनी बोट दाखवलं. मी वर चढलो. ते सरकतं वजन हळूहळू पुढे ढकलत गेले. बासष्ट. दांडी उचललेलीच. चौसष्ट. सहासष्ट. मास्तर मोठ्याने मोजायला लागला होता, वस्तादांनी त्याला गप्प केलं. अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅमला दांडी आडवी झाली.

“काट्यांना काही झालेलं नाही,” वस्ताद म्हणाले. “तू फुगलायस.”

ताई, मला राग नाही आला, लाजही आधी नाही वाटली. मी थक्क झालो. सहा किलो. दोन महिन्यांपूर्वी जे कुठेच नव्हतं ते आता माझ्या अंगावर चालत होतं, माझ्याबरोबर झोपत होतं, आणि मला पत्ता नव्हता. अकरा काट्यांनी मला सांगितलं होतं. एकमेकांना कधी न भेटलेले अकरा साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते, आणि मी एकेकाचा कान पिळून त्याच्याकडून बासष्ट वदवून घेतलं. जगातले सगळे काटे बिघडले हे मला पटलं, पण मी बदललो असेन ही शंका शिवली नाही.

आता अकराही परत आणायचे. कुठला किती चुकतो ते सांगता येत नाही, कारण कुठल्या दिवशी मी किती किलोचा होतो याची नोंद नाही. लवकरचा थोडा चुकणार, नंतरचा जास्त. वस्ताद म्हणाले, “पत्ते काढ, एकेकाला कळव, तुझ्या तोंडाने.” एवढंच. बावीस वर्षांत ते माझ्याशी इतकं कमी कधी बोलले नव्हते.

दुपारी मी कोपऱ्यावर जाऊन एक सिगारेट विकत घेतली.

लपवत नाही. डोक्यात सरळ हिशोब बसला होता. अकरा काटे परत आणण्यापेक्षा मी एकट्याने परत बासष्ट होणं सोपं. सहा महिने ओढली की पोट जाईल, मी पुन्हा खरा, आणि जग जागच्या जागी. दुकानात येऊन ती त्या काचेच्या पेटीत ठेवली. का ते माहीत नाही. हातात आलेलं तोलून बघायची सवय. नऊशे दहा मिलीग्रॅम. मग दिवसाला वीस, अशी अठ्ठावीस वर्षं, असं कागदाच्या कडेला मांडलं. एकशे शहाऐंशी किलो आलं. मी तीन बासष्ट किलोची माणसं ओढून संपवली आहेत, ताई. अख्खी तीन. मी आकड्याकडे बघत बसलो आणि तेवढ्यात तिची तीन मिनिटं चाळीस सेकंद उलटून गेली.

ती पेटीतच आहे. पेटीचं दार उघडं राहिलं होतं. आत्ता पुन्हा बघितलं तर नऊशे अठ्ठावीस. हवेतलं पाणी प्यायली असणार. म्हणजे मी ओढली नाही तर तीही फुगली.

दहा पत्ते लिहून झाले. अकराव्याचं उद्या बघतो.

तुझा,
काय म्हणू, बासष्ट म्हणता येत नाही


१२ एप्रिल

प्रिय ताई,

कालच्या पत्रात तू मोजलंच असशील. दहा पत्ते. अकरावा काटा तुझा आहे.

तो वापरू नकोस. आजच बाजूला काढ. तो कमी दाखवतो आहे. किती, ते मला सांगता येत नाही, कारण त्या दिवशी मी स्वतःला तोललंच नव्हतं. पाच लिटरचे पाण्याचे दहा कॅन त्याच्यावर ठेव, पन्नास किलो होतात, म्हणजे कळेल. या तीन आठवड्यांत ज्या बायकांची वजनं घेतलीत त्यांची परत घ्यावी लागतील. डोळे मिटून विश्वास ठेव असं मी लिहिलं होतं. दहा काट्यांच्या मालकांना काल मी फोन केले, प्रत्येकाला ‘माझं वजन वाढलं म्हणून तुमचा काटा चुकला’ असं सांगितलं, सगळे हसले. तुला सांगायला मात्र एक रात्र लागली, कारण तू हसणार नाहीस. तू म्हणशील, याने पुन्हा तेच केलं.

आणि ते खरं आहे. म्हणून दुसरंही लिहितो.

आज सकाळी ट्रंकेतून आईची शाल काढली. नाक परत आल्यापासून मनात होतं. म्हटलं, आईचा वास चार वर्षं तिथे घडी घालून ठेवलेला असेल आणि मला तो आता घेता येईल. ट्रंक उघडली, शाल तोंडाशी धरली. तिला माझा वास येत होता. शिळा धूर. मी शाल धरून जमिनीवर बसलो. बाकी सगळीकडून तो वास गेला, माझ्या कपड्यांतून, दुकानातून, उशीतून. आईच्या शालीत तो जपून ठेवल्यासारखा होता.

त्या दिवशी खिडकीत मीच ओढली. आईला प्राणवायूचं यंत्र लावलेलं होतं, नळी नाकात होती, दारावर तू तुझ्या हाताने पाटी लिहिली होतीस, आणि मी तिच्या पलंगापासून चार हातांवर उभा राहून काडी पेटवली. ती जागी होती. माझ्याकडे बघत होती. नंतर तू धावत आलीस, वास आला, विचारलंस, आणि मी म्हटलं, यंत्र साफ करायला माणूस आला होता, तोच ओढत असेल. तू त्याच्यावर तक्रार केलीस. त्याला कामावरून काढलं. पुढे कुंडीत तुला थोटूक सापडलं तेव्हाही मी नाहीच म्हणालो.

तुला हे सगळं तेव्हाच कळलं होतं, हे मला माहीत आहे. मी मात्र ते कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. तू म्हणाली होतीस, “तुझ्या धुराचा मला राग नाही, तू त्याच्यामागे उभा राहून खोटं बोलतोस त्याचा आहे.” आता धूर नाही, आणि मी कुठेही उभा राहिलो तरी दिसतो, एवढा झालो आहे.

तुझा भाऊ

ता. क. तीन कागद, एकोणतीस मिलीग्रॅम. काल आणि आज मिळून दोनच काय त्या ओळी लिहायच्या होत्या.


२० एप्रिल

ताई,

अडुसष्टावा दिवस, आणि वजनही अडुसष्टच. दोन्ही एकाच आकड्यावर आले म्हणून वस्ताद सकाळी पहिल्यांदा हसले.

दहा काटे परत आले, लोखंडाने तोलून परत गेले. सगळं लोखंड मी उचललं. दहा काटे, प्रत्येकी शंभर किलो, चढवायचे आणि उतरवायचे. पाचवं वजन ठेवून सरळ झालो तेव्हा लक्षात आलं, खोकला आला नाही. छातीत काहीतरी रिकामं, मोठं, एखाद्या न वापरलेल्या खोलीचं दार उघडावं तसं. मी तिथेच उभा राहून नुसता श्वास घेत होतो. वस्ताद म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, बघतोय किती मावतो.”

आता तलफ आली की एक वजन उचलून दारापर्यंत नेतो आणि परत आणून ठेवतो. चार वाजता बेकरीचा वास येतो तेव्हा दोन नेतो. तरी पाव खातोच, रोज नाही. ही म्हणते, “दोन्हीपैकी एकच सोडा, दोन्ही सोडलीत तर घरात राहणं कठीण होईल.” तिने पँटी उसवून मोठ्या केल्या आहेत. बासष्ट कधी परत येईल ते माहीत नाही. नावाचं काय करायचं याच्यावर गिऱ्हाइकांत वाद चालू आहेत.

तुझा काटा अजून आला नाही. मी विचारत नाही. फक्त तो वापरत नाहीस ना, एवढं कुणाकडून तरी कळव.

तुझा भाऊ


२६ एप्रिल

काडी,

आता ते नाव शोभत नसेल, तरी दुसरं मला येत नाही.

काटा तुझं बारा तारखेचं पत्र मिळालं त्याच दिवशी बाजूला काढला. पाण्याचे दहा कॅन ठेवले. रिकामे कॅन आधी बाळांच्या काट्यावर तोलून तेवढं पाणी कमी केलं, ते तू लिहायला विसरला होतास. बरोबर पन्नास किलो. काटा सत्तेचाळीस म्हणाला.

मग ड्यूटीच्या कागदामागे गणित मांडलं. पन्नासाला सत्तेचाळीस दाखवणारा काटा बासष्ट केव्हा दाखवेल? सहासष्टला. तीनदा करून बघितलं. वीस मार्चला तू सहासष्ट किलोचा होतास. तुला स्वतःला माहीत नव्हतं, कुठे नोंद नव्हती, आणि मी इथे बसून ते वाचत होते. तू काट्यावरून उतरून गेलास, पण तुझं ओझं तू त्याच्यातच ठेवून गेला होतास.

याआधी तीनदा तू सोडली म्हणून लिहिलंस आणि तिन्ही वेळा खाली लिहिलंस, वजन बासष्टच. तीस वर्षं मी माणसांची वजनं लिहिते आहे, रे. माझ्या बघण्यात सोडणारी बहुतेक माणसं पहिले काही महिने वाढतात. तू सूतभर हलला नव्हतास. म्हणून मी उत्तर दिलं नाही. या वेळीही तू तिसऱ्या पत्रापर्यंत बासष्टच म्हणत होतास, आणि मी पत्र ठेवूनच देणार होते. तुझ्या काट्याने तुझं ऐकलं नाही, हे बरं झालं.

नऊ बायकांची वजनं पुन्हा घेतली. एकीला मी नीट जेवत नाहीस म्हणून दटावलं होतं, तिच्या घरी जाऊन माफी मागून आले. तुझ्यापायी लोकांची माफी मागायची ही दुसरी वेळ. त्या यंत्रवाल्याची मी चार वर्षांपूर्वीच मागितली, त्याला दुसरीकडे काम मिळालं आहे. तू मागायची राहिली आहे. पत्ता मागे लिहिला आहे.

पायमोजा ज्याचा होता त्याला आता तो अंगठ्याएवढाच होईल. त्याच्या आईने तरी ठेवून घेतला.

काटा पाठवणार नाही. तूच ये आणि इथे नीट कर. लोखंड घेऊन ये, पाचही वजनं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत आणि लिफ्ट बंद आहे. पाच खेपा होतील. मी वरच्या जिन्यात उभी राहून बघेन तुला दम लागतो का. आईची शाल आण. धुऊ नकोस, मी धुईन.

मुद्दाम तुझ्याच काट्यावर मी परवा आठवा महिना लागलेल्या एका बाईला उभी केली, वजनासाठी नाही, थरथर बघायला. दोघींनी श्वास रोखून बघितलं. आहे.

तुझी सहाही पत्रं बाळांच्या काट्यावर ठेवली. साठ ग्रॅम भरली. आमचा काटा पाच ग्रॅमच्या खालचं बोलत नाही, त्यामुळे शाईचं वजन मला दिसलं नाही. तू लिहिलं आहेस तेवढं असेल.

ताई